लेझर झाले, पुढे काय?

उडीद-मूग निघाले की दुधनीचा आडत बाजार जागा होतो आणि तूर आली की तो झोपतच नाही. अक्कलकोट तालुक्याचा हा शेवटचा कोपरा. पलीकडे कर्नाटक. इथे भाव मराठीत पुकारला जातो, घासाघीस कानडीत होते आणि हमाल दोन्ही भाषांत बोलणी खातो. आमच्या वस्तीतले एक मामा या बाजारात तीस वर्षे पाठीवर पोती वाहत आले आहेत. त्यांचे नाव इथे देत नाही. त्यांनीच तसे सांगितले आहे.

अशोक विजयादशमीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी थप्पीवर पोते चढवताना मामांच्या उजव्या डोळ्यात पाण्यात शाईचा थेंब पसरावा तसे काळे धागे पसरले. त्यांनी डोळा चोळला, पाणी मारले आणि उरलेली पोती चढवली. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाले, "सर, डोळ्यापुढं कोळ्याचं जाळं आल्यासारखं झालंय. पण माझं लेझर तर झालंय की!"

वाचकहो, हा लेख मामांच्या त्या शेवटच्या वाक्यावर आहे. लेझर झाले म्हणजे डोळा बरा झाला, हा समज एकट्या मामांचा नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पट्टी निघाली, दिसू लागले, विषय संपला, असाच अनुभव आपल्या माणसांच्या गाठीला आहे. साखरेने बिघडलेल्या डोळ्याचे गणित वेगळे आहे आणि ते मामांना कोणी समजावून सांगितले नव्हते. त्यांच्या कागदावर सगळे इंग्रजीत लिहिलेले होते. शेवटच्या ओळीत '३/१२' असा आकडा होता. डॉक्टरांच्या लिखाणात त्याचा अर्थ तीन महिन्यांनी पुन्हा या. मामांच्या बारावी झालेल्या मुलाने तो वाचला तीन डिसेंबर. लेझरची शेवटची खेप भीमजयंतीच्या आसपास झाली होती. म्हणजे जुलैत जायचे ते हे बापलेक डिसेंबरची वाट पाहत राहिले, आणि डोळ्यातली रक्तवाहिनी ऑक्टोबरातच फुटली. मुलाचा काय दोष? ज्या जिल्ह्यात सातबारा प्रत्येकाला कळतो तिथे तीनबारा म्हणजे काय हे कोणी सांगायला नको का? ते रुग्णालय कोणते हे मी लिहीत नाही, कारण हा प्रकार कुठेही घडू शकतो आणि घडतोच.

आमच्याकडे मधुमेहाला कोणी मधुमेह म्हणत नाही, शुगर म्हणतात. अजूनही पुष्कळ लोक तिला शेठ-सावकारांचा आजार समजतात. राबणाऱ्याला शुगर होत नाही, घामातून साखर निघून जाते, असे बाजारात ठामपणे सांगितले जाते. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढे सावकार या देशात नाहीत. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण ११.८ टक्के आढळले आणि त्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या डोळ्याचा पडदा बिघडलेला होता. म्हणजे साधारण सहा शुगरवाल्यांमागे एक.

पडदा म्हणजे दृष्टिपटल. डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा पातळ थर. त्यावर चित्र उमटते आणि ते मेंदूकडे जाते. वर्षानुवर्षे रक्तात साखर जास्त राहिली की या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पुढे बंद पडतात. जिथे रक्त पोचत नाही तिथला भाग प्राणवायूसाठी आकांत करतो, आणि त्या आकांताला उत्तर म्हणून नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण या नव्या वाहिन्या कच्च्या असतात, जोंधळ्याच्या धाटावर छप्पर उभे करावे तशा. त्या केव्हाही फुटतात आणि डोळ्याच्या पोकळीत रक्त सांडते. त्यांच्याबरोबर वाढणारे तंतू आवळत गेले तर पडदाच भिंतीपासून सुटतो. या सगळ्यात सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही, आणि बराच काळ नजरही चांगली राहते. म्हणून मला चांगलं दिसतं हे न तपासण्याचे कारण होऊ शकत नाही.

लेझर इथे काय करते? सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगणे सोपे आहे. दुष्काळात विहिरीला पाणी कमी पडले की शेतकरी बांधाकडचे पीक सोडून देतो आणि मधले वाफे जगवतो. लेझर तेच करते. पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो, बहुतेकदा हजाराहून जास्त बारीक डाग दिले जातात, दोन ते चार खेपांत. तो भाग प्राणवायू मागायचा थांबतो, आकांत शमतो, कच्च्या वाहिन्या सुकतात आणि मधली नजर, जिने आपण वाचतो, माणसे ओळखतो, ती वाचते. याची किंमत द्यावी लागते. कडेचे दिसणे कमी होते, अंधारात चाचपडायला होते, उजेडातून आत आल्यावर डोळा लवकर सरावत नाही, रंग फिके वाटतात. लेझरने गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राहावी म्हणून ते असते. हे आधी सांगितले नाही तर माणूस म्हणतो, यांनीच डोळा जाळला. आणि मग तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, बाटलीतले झाडपाल्याचे थेंब नाहीतर अंगारा शोधत फिरतो. मामांनीही मधल्या काळात कुणाच्या सांगण्यावरून मधाचे थेंब घातले होते. साखरेच्या आजारावर मध! मी त्यांच्यावर चिडलो नाही. ज्याला दवाखान्यात कोणी दोन वाक्ये बोलत नाही तो जिथे बोलले जाते तिथे जातो.

या उपचाराचा इतिहासही सांगितला पाहिजे. जुलै १९४५ मध्ये युरोपात सूर्यग्रहण झाले. ते उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या पडद्यावर भाजल्याचे डाग पडले. जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेरात यांनी ते पाहिले आणि त्यांच्या मनात आले की प्रकाशाने पडदा भाजत असेल तर त्याच प्रकाशाने तो सांधता का येऊ नये? पहिले प्रयोग त्यांनी आरशांनी वळवलेल्या उन्हावर केले, पुढे झेनॉनच्या दिव्यावर. १९६० साली पहिला लेझर तयार झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस डोळ्यासाठी आर्गॉन लेझर आला. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले की कच्च्या वाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत लेझरमुळे नजर जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. १९७६ हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सालांच्या शेजारी आणखी एक साल ठेवले की जीव हळहळतो. बाबासाहेबांना मधुमेह होता. १९५१च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या ढासळत्या प्रकृतीचा उल्लेख करून हिंदू कोड बिल लवकर हाती घ्या अशी मागणी केली होती. म्हणजे हा आजार त्यांच्या कामाच्या वेळापत्रकातही शिरला होता. १९५४ साली जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते अंथरुणाला खिळले होते आणि नजरही अधू झाली होती. पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या माणसाची नजर! तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी पुरा केला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या काळी पडद्यावरच्या लेझरचा पत्ता नव्हता. आज मधुमेहाची पहिली गोळी म्हणून जी गावोगाव दिली जाते ती मेटफॉर्मिनसुद्धा औषध म्हणून वापरात आली ती १९५७ साली. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्याला तगवून धरल्याचे श्रेय माईसाहेबांना आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे. माईसाहेबांविषयी आपल्यात झालेले वाद जुने आहेत, ते मी इथे उकरत नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की साखरेच्या रोग्याचा सांभाळ ही रोजची घरकामासारखी गोष्ट आहे, आणि ते काम करणारे माणूस घरात असावे लागते. बाबासाहेबांना जे मिळू शकले नाही ते आज सोलापुरात मिळते. दुधनीहून रेल्वेने सुमारे साठ किलोमीटर.

मग अडते कुठे?

मामांना घेऊन मी सोलापूरला गेलो तेव्हा मला ते कळले. पडद्याची तपासणी करायची तर बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर चार-सहा तास नीट वाचता येत नाही, ऊन सोसत नाही, म्हणून सोबत माणूस लागतो. म्हणजे एका खेपेला मामांची एक दिवसाची हमाली बुडते आणि मुलाची एक दिवसाची मजुरी. प्रवास आणि चहा-भाकरी वेगळी. दुपारी दोन वाजता नंबर लागला आणि डॉक्टर म्हणाले, "रक्त जास्त आहे, मागचं दिसत नाही, सोनोग्राफी करून पुन्हा या." म्हणजे आणखी एक दिवस. लेझर फुकट झाले तरी लेझरपर्यंत पोचणे फुकट नसते. ज्यांच्या रजेचा पगार कापला जात नाही ते लोक 'रुग्ण फॉलोअपला येत नाहीत' असे अहवालात लिहितात तेव्हा मला या दोन दिवसांची आठवण होते.

डॉक्टर मात्र चांगले भेटले. तरुण होते, घाईत होते, पण मामांशी मोडक्या कानडीत बोलले. त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले आणि नंतर पडताळूनही पाहिले. त्यातले थोडे इथे देतो, कारण लेझर झालेले लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

पहिले म्हणजे, लेझरनंतरही रक्तस्राव होऊ शकतो. कच्च्या वाहिन्या सुकायला आठवडे लागतात, काही सुकत नाहीत, काही नव्याने येतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी, आणि डॉक्टर सांगतील तर त्याआधीही, पडदा पुन्हा पाहावाच लागतो. गरज पडली तर लेझरची आणखी खेप द्यावी लागते. डोळा शांत झाला की हे अंतर वाढते, पण तपासणी जन्मभर सुटत नाही. अचानक काळे धागे किंवा माशा उडू लागल्या, विजेसारख्या लकेरी दिसल्या, कडेने पडदा सरकत आल्यासारखे झाले किंवा एकाएकी धुरकटले, तर ती तारीख पाहायची वेळ नव्हे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. सांडलेले रक्त पुष्कळदा आपोआप विरते. विरले नाही किंवा पडदा ओढला जात असेल तर आतले रक्त आणि तंतू काढण्याचे ऑपरेशन असते, आणि ते वेळेत झाले तर डोळा वाचतो. डोळा दुखून लाल झाला आणि नजर कमी झाली तरीही थांबायचे नाही. या आजारात डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूही होतो.

दुसरी गोष्ट ओझ्याची. रक्त सांडलेले असताना वजन उचलू नका, श्वास कोंडून जोर लावू नका, डोके खाली घालून काम करू नका, झोपताना उशी उंच घ्या. म्हणजे रक्त तळाशी बसते आणि मागचा पडदा पाहता येतो. मामांनी हे सगळे ऐकले आणि विचारले, "साहेब, मग खायचं काय?" डॉक्टर गप्प राहिले. खरे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे नसतेच. ते कायद्याकडे असते. १९६९चा माथाडी, हमाल कामगारांचा कायदा याच राज्याचा आहे आणि अंगमेहनत करणाऱ्याच्या आजारपणाची जबाबदारी कुणीतरी घ्यावी यासाठीच तो झाला. पण कायद्याचा लाभ नोंदणी झालेल्याला. टोळीत काम करणारा, मुकादमाच्या वहीत फक्त टोपणनावाने असलेला हमाल आजारी पडला की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, आणि पोते काही थांबत नाही. आडत बाजारातल्या समाजबांधवांनी आपली नोंदणी झाली आहे का हे आजच तपासावे. डोळ्यात रक्त उतरल्यावर ते करता येत नाही.

तिसरे, साखर. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी आहे. सकाळच्या एका साखरेवर समाधान मानू नये. साखर आटोक्यात ठेवली तर डोळ्याचा आजार संथ होतो हे १९९३ साली अमेरिकेत आणि १९९८ साली ब्रिटनमध्ये मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले. ब्रिटनमधल्या चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. रक्तदाब काटेकोर ठेवल्याने पडद्याचा बिघाड वाढण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणजे बीपीची स्वस्तातली गोळीसुद्धा डोळ्याचे औषध आहे. डोके दुखत नाही म्हणून ती बंद करणारे वस्तीत दर दुसऱ्या घरात आहेत.

इन्सुलिनबद्दल आमच्याकडे पक्का गैरसमज आहे, की सुई लावली की डोळे जातात. इन्सुलिन टाळत टाळत शेवटी सुरू करतात तोवर डोळे बिघडलेले असतात, आणि आळ सुईवर येतो. यात खरेपणाचा एक अंशही आहे, तो लपवू नये. वर्षानुवर्षे खूप वाढलेली साखर एकदम खाली आणली तर पडद्याचा बिघाड काही महिने वाढू शकतो. त्याचा अर्थ इन्सुलिन नको असा होत नाही. आधी पडदा दाखवा आणि साखर खाली येत असताना तो पाहत राहा, असा होतो. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची गोळीही मामांनी भीतीने आपल्या मनानेच बंद केली होती. हृदयासाठी दिलेल्या या गोळीने डोळ्यातला रक्तस्राव वाढत नाही हे १९८०च्या दशकातल्या मोठ्या चाचणीत तपासले गेले आहे. विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये, आणि सुरूही करू नये.

आता इंजेक्शनचे. पडद्याच्या मधोमध सूज आली की आजकाल डोळ्यात इंजेक्शन देतात. त्यांनी नजर सुधारतेही, लेझरला जे साधत नाही ते साधते. पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला. कच्च्या वाहिन्यांवरही ती चालतात आणि काही ठिकाणी लेझरऐवजी तीच सुचवली जातात. इथे माझे मत स्पष्ट आहे, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याला आधार मिळतो. मधेच उपचार सोडून गेलेल्या रोग्यांत केवळ इंजेक्शने घेतलेल्यांचे डोळे लेझर झालेल्यांपेक्षा जास्त बिघडलेले आढळले. इंजेक्शनचा असर उतरतो, लेझरचा डाग राहतो. ज्याची पुढची खेप हंगामावर आणि खिशावर अवलंबून आहे त्याने डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, की साहेब, दर महिन्याला येणे माझ्याच्याने होणार नाही, त्या हिशेबाने उपचार ठरवा. असे सांगण्यात कमीपणा नाही. तोही उपचाराचाच भाग आहे.

डोळ्याच्या बारीक वाहिन्या बिघडल्या तर मूत्रपिंडाच्याही बिघडत असतात, म्हणून लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासावे. अंगात रक्त कमी असेल तर डोळ्याला ते आणखी मारक. आणि इथे आमच्या बायका येतात. घरातल्या पुरुषाची तपासणी झाली, पोरांची झाली, मग उरलेच तर तिची. शुगर असलेल्या स्त्रीला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवावा लागतो हे किती जणींना माहीत आहे? सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो हातांची मजुरी नजरेवर आहे, त्यावर एक वेगळा लेख होईल.

खाण्याचे मी फार सांगत नाही. ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे कितीही खावी असे नाही, गूळ म्हणजे औषध नव्हे, आणि बाजारातला दिवसभराचा गोड चहा मोजून पाहिला तर मुठीने साखर भरते. तंबाखू आणि गुटख्याचे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता ते १९७६ साल. ज्या वर्षी लेझरचा निकाल लागला त्याच वर्षी आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. लाखो म्हाताऱ्यांना पुन्हा दिसू लागले, त्याचे मोल मी कमी करत नाही. पण त्यातून शिबिराची एक रीत पडली. मंडप, पाहुणे, हारतुरे, आकडा, पेपरात फोटो. मोतीबिंदू एका दिवसाच्या आकड्यात बसतो. साखरेचा डोळा बसत नाही, त्याला वर्षानुवर्षे तोच माणूस पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. मामांचा आजार अशाच एका शिबिरात सापडला, हेही खरे. बॅटरीने डोळा पाहून "मोतीबिंदू नाही" म्हणून त्यांना परत पाठवत होते. एका मुलीने साखर विचारली म्हणून ते पुढे गेले.

पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आता हातात धरता येतो. फोटो काढायला नेत्रतज्ज्ञ लागत नाही, शिकवलेला तंत्रज्ञ किंवा परिचारिका तो काढू शकते. फोटो सोलापूरला पाठवून तिथून निकाल मागवता येतो. फोटो पाहून बिघाड ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली आणि मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासारख्या आपल्या देशातल्या संस्थांनी त्या कामात भाग घेतला आहे. मग अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस शुगरवाल्यांच्या डोळ्यांसाठी का असू नये? बाजारच्या सुट्टीचा दिवस धरला तर हमालाची हमालीही बुडणार नाही. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून काय बसते ते आरोग्यमित्राने रोग्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. आणि पुढची तारीख मराठीत, जमले तर कानडीतही, अक्षरांत लिहिली पाहिजे. या शेवटच्या मागणीला तर एक पैसाही लागत नाही.

सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे आहेत. जयंतीला डीजेची भिंत उभी राहते. तिचे एका रात्रीचे भाडे किती असते ते वर्गणी काढणाऱ्या पोरांना विचारा. त्याच पैशात एक तंत्रज्ञ आणि भाड्याचा कॅमेरा विहारात दिवसभर बसेल की नाही, हा हिशेब मंडळांनी एकदा मांडून पाहावा. आमच्या इथे मांडायला सुरुवात झाली आहे, वादही झाला, एक-दोघे रागावून उठून गेले. वाद होऊ द्या.

मामांच्या डोळ्यातले रक्त हळूहळू विरले. लेझरच्या आणखी दोन खेपा झाल्या. उजव्या डोळ्याने मोठी अक्षरे दिसतात, डावा बरा आहे. रोज सकाळी ते एक डोळा झाकून दुसऱ्याने खिडकीची जाळी पाहतात, मग दुसरा. गज वाकडे दिसले किंवा मधे डाग आला तर सांगायचे, असे डॉक्टरांनी शिकवले आहे. संध्याकाळी बॅटरीशिवाय बाहेर पडत नाहीत. पाठीवर पोते घेत नाहीत. आडतीवर गाडीतून उतरणारी पोती मोजायला बसतात, मजुरी पूर्वीच्या निम्मी. नजर थोडी आहे, तर सही शिकतो म्हणाले, आणि नातीकडून शिकत आहेत.

विहाराच्या भिंतीवर आम्ही एक फळा लावला आहे. त्यावर वस्तीतल्या अकरा जणांच्या डोळ्याच्या पुढच्या तारखा आहेत, महिन्याच्या पूर्ण नावासह. नावे लिहिलेली नाहीत, फक्त घर नंबर. परवा मामांनी फळ्यापाशी उभे राहून बोटाने ओळ शोधली आणि मला विचारले, "सर, सोमवारी आपली गाडी किती वाजता हाय?"